कथा संपते, प्रतिमा उरते

'गोष्ट छान होती, पण शेवटी नेमके झाले काय, ते कळलेच नाही.' दिवाळी अंक वाचून खाली ठेवणाऱ्या वाचकाच्या तोंडून हे वाक्य अनेकदा ऐकू येते. त्यात थोडी नाराजी असते आणि थोडा संशयही. लेखकाने आपल्याला मध्येच वाऱ्यावर सोडले, की मुळात त्यालाच पुढचे सुचले नाही, असा तो संशय असतो. काही वाचक मात्र दोष स्वतःकडे घेतात. 'आपल्याला साहित्यातले फारसे कळत नाही' असे म्हणून ते कथेच्या वाटेला जाणेच सोडून देतात. वाङ्मयव्यवहाराच्या दृष्टीने ही दुसरी प्रतिक्रिया पहिलीपेक्षा अधिक चिंतेची आहे. नाराज वाचक निदान पुढच्या कथेकडे वळतो. स्वतःला अपात्र ठरवणारा वाचक कायमचा दुरावतो.

वस्तुतः कथेचा खुला शेवट ही वाचकाची परीक्षा घेण्यासाठी योजलेली युक्ती नसते. चांगली कथा शेवट उघडा ठेवते, तेव्हा त्याचा भार तिने आधीच दुसऱ्या कशावर तरी सोपवलेला असतो. बहुधा एखादी प्रतिमा तो भार वाहत असते. कुठे ते एखादे धोतर असते, कुठे कलिंगडाची फोड, कुठे उजेडाकडे चढणारी वेल, तर कुठे काटेरी तारांमधला जमिनीचा तुकडा. पुढे काय झाले हे लेखकाने सांगितलेले नसते, हे खरे. पण जे दाखवले आहे ते नीट पाहिले, तर सांगण्यासारखे फारसे उरलेले नसते. म्हणूनच कथेतील जिवंत प्रतिमा आणि खुला शेवट या दोन गोष्टी एकत्रच समजून घ्याव्या लागतात.

शेवटाचे तीन प्रकार

लघुकथेच्या शास्त्राची चर्चा अनेकदा अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांच्यापासून सुरू होते. नॅथॅनियल हॉथॉर्न यांच्या कथांचे परीक्षण करताना १८४२ साली पो यांनी असे मत मांडले, की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिने वाचकाच्या मनावर एकच एक परिणाम साधावा. पहिल्या वाक्यापासून त्या परिणामाची तयारी हवी, हा त्यांचा आग्रह होता. साहजिकच पुढच्या काळात कथालेखकांचे सारे लक्ष शेवटावर केंद्रित झाले.

त्यातून पहिला प्रकार रूढ झाला तो कलाटणीचा. फ्रेंच कथाकार गी द मोपासाँ यांच्या १८८४ सालच्या 'नेकलेस' या कथेत उसना आणलेला हार हरवल्यामुळे एक जोडपे दहा वर्षे काबाडकष्ट करून कर्ज फेडते आणि अखेरीस तो हार खोटा होता असे कळते. ओ. हेन्री यांच्या १९०५ सालच्या 'गिफ्ट ऑफ द मॅजाय' मध्ये नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घेण्यासाठी बायको आपले केस विकते, तर तिच्या केसांसाठी कंगवे घ्यावेत म्हणून नवरा घड्याळ विकतो. अशा कथांत शेवटचे वाक्य कुलपासारखे बसते. ते वाचताना होणारा आनंद अस्सल असतो, यात शंका नाही. मात्र दुसऱ्या वाचनात कुलूप आधीच उघडलेले असते.

दुसरा प्रकार कोड्याचा. फ्रँक स्टॉकटन यांची 'द लेडी ऑर द टायगर' ही कथा १८८२ साली प्रसिद्ध झाली आणि गाजली. आखाड्यात दोन दरवाजे आहेत. एकामागे वाघ, दुसऱ्यामागे सुंदर स्त्री. राजकन्येला रहस्य ठाऊक आहे आणि ती आपल्या प्रियकराला उजवा दरवाजा उघडण्याची खूण करते. त्यातून काय बाहेर आले, हे वाचकांनीच ठरवावे असे सांगून लेखक थांबतो. येथे शेवट दिलेला नाही, पण त्याला पूर्णार्थाने खुला शेवट म्हणता येत नाही. पर्याय दोनच आहेत आणि वाचकाला त्यांतून एक निवडायचा आहे. राजकन्येच्या मत्सराचा विचार मनात रेंगाळतो खरा. पण चर्चा फिरून फिरून 'वाघ की स्त्री' याच प्रश्नावर येते.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने खुल्या शेवटाचा. येथे घटना कदाचित पूर्ण झालेली असते, कदाचित नसते. तो मुद्दा गौण असतो. त्या घटनेकडे कसे पाहायचे, हे मात्र कथेने बंद केलेले नसते. वाचकासमोर कोडे ठेवलेले नसून एक परिस्थिती ठेवलेली असते. कोड्याचे उत्तर सापडले की ते संपते. परिस्थिती मात्र वय वाढेल तशी निराळी दिसू लागते.

फुटक्या बाटलीचे चांदणे

या तिसऱ्या प्रकाराचे सर्वांत मोठे नाव म्हणजे रशियन कथाकार अंतोन चेखव (१८६०-१९०४). त्यांच्या दोन पत्रांत या विषयाचे सार आले आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पहिले पत्र मे १८८६ मधील, बंधू अलेक्सांद्र यांना लिहिलेले. निसर्गवर्णनातील ठोकळेबाज शब्द टाळून बारीक तपशील पकडावेत, असा सल्ला चेखव त्यात देतात. चांदण्या रात्रीचे वर्णन करायचे तर पाणचक्कीच्या बांधावर फुटक्या बाटलीची काच ताऱ्यासारखी चमकली आणि कुत्र्याची किंवा लांडग्याची काळी सावली चेंडूसारखी घरंगळत गेली एवढे लिहावे, म्हणजे चांदणे आपोआप दिसेल, असा त्याचा आशय आहे. हीच बाटली पुढे त्यांच्या 'सीगल' या नाटकात अवतरते. तेथे एक धडपडणारा तरुण लेखक प्रस्थापित लेखकाविषयी असूयेने म्हणतो, की त्याला बाटलीचा चमकणारा गळा आणि चक्कीची सावली पुरते, आपण मात्र वर्णनाचे ढीग रचत बसतो.

प्रतिमा म्हणजे अलंकार नव्हे, ही गोष्ट या उदाहरणातून स्पष्ट होते. उपमा-रूपकांची आरास केली म्हणजे भाषा चित्रमय होते, असा एक समज आपल्याकडे फार काळ टिकून आहे. पण 'रुपेरी चंद्रकोर' आणि 'दुधासारखे चांदणे' हे शब्द इतके वापरून गुळगुळीत झाले आहेत, की ते वाचताना डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. बांधावरची काच मात्र दिसते. ती दिसते याचे कारण ती एका जागी आहे, एका क्षणी आहे आणि कुणीतरी ती पाहिली आहे.

दुसरे पत्र ऑक्टोबर १८८८ मधील, प्रकाशक सुवोरिन यांना लिहिलेले. प्रश्न सोडवणे आणि प्रश्न अचूकपणे मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत व कलावंतावर बंधन आहे ते केवळ दुसऱ्या गोष्टीचे, असे चेखव त्यात म्हणतात. खुल्या शेवटाचा हा जणू जाहीरनामाच. मात्र त्यातील 'अचूकपणे' हा शब्द सोयीस्करपणे विसरला जातो. प्रश्न अचूक मांडायचा तर तपशील अचूक हवेत. म्हणजे पुन्हा त्या बाटलीच्या काचेपाशीच यावे लागते.

१८९९ साली प्रसिद्ध झालेली चेखव यांची 'कुत्रा घेऊन फिरणारी बाई' ही कथा याची साक्ष आहे. याल्टा या समुद्रकाठच्या गावी गुरोव्ह हा विवाहित गृहस्थ आणि आन्ना ही विवाहित तरुणी यांची ओळख होते. त्यांच्या पहिल्या एकांतानंतर आन्ना अपराधी भावनेने खचून बसलेली असते. त्या वेळी गुरोव्ह काय करतो? टेबलावरच्या कलिंगडाची एक फोड कापून घेतो आणि सावकाश खाऊ लागतो. निदान अर्धा तास शांततेत जातो. गुरोव्ह निष्ठुर आहे, त्याला स्त्रियांच्या अश्रूंची सवय झाली आहे, तो तिला अजून माणूस म्हणून पाहतच नाही, यांपैकी एकही वाक्य चेखव लिहीत नाहीत. ते सारे काम कलिंगडाची फोड करते.

पुढे हाच गुरोव्ह तिच्या आठवणीने अस्वस्थ होऊन तिच्या गावी जातो आणि तिच्या घरासमोरच्या खिळे ठोकलेल्या लांबलचक करड्या कुंपणापुढे येरझाऱ्या घालतो. कथेच्या अखेरीस मॉस्कोच्या हॉटेलात दोघे यातून मार्ग कसा काढावा याचा विचार करत आहेत. मार्ग निघत नाही. सर्वांत कठीण भाग आता कुठे सुरू होतो आहे, एवढी जाणीव होते आणि कथा थांबते. त्यांचे लग्न झाले का, हे आपल्याला कळत नाही. पण निवांत कलिंगड खाणारा माणूस आता दुसऱ्याच्या दुःखाने व्याकूळ होऊ शकतो, हे मात्र कळते. कथा ज्याची होती ते पूर्ण झाले आहे. फोड आणि कुंपण या दोन प्रतिमांमधले अंतर हीच त्या कथेची वाटचाल होय.

वेताळाचा प्रश्न आणि घंटेचा नाद

खुला शेवट ही पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट आहे, असे मानण्याचे कारण नाही. पंचतंत्र आणि हितोपदेश यांमुळे गोष्टीच्या शेवटी तात्पर्य असायचेच, ही आपली सवय दृढ झाली हे खरे. परंतु त्याच भूमीत वेताळाच्याही कथा आहेत. 'चांदोबा' वाचून मोठ्या झालेल्या पिढीला विक्रम-वेताळ वेगळे सांगायला नकोत. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या 'कथासरित्सागरा'त त्या कथा समाविष्ट आहेत. येथे प्रत्येक कथा तात्पर्यावर न संपता प्रश्नावर संपते. राजा उत्तर देत जातो आणि प्रत्येक उत्तरासरशी वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळतो. अखेरच्या कथेतील नात्यांचा गुंता मात्र असा आहे, की राजाला उत्तर सुचत नाही. तो मुकाट्याने चालत राहतो आणि त्याच मौनावर वेताळ प्रसन्न होतो. उत्तर न सापडणे हाही कथेचा शेवट असू शकतो, हे आपल्या पूर्वसुरींना ठाऊक होते.

शास्त्राच्या पातळीवर हा विचार त्याहून आधी झाला आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या ग्रंथात काव्याचा आत्मा ध्वनी, म्हणजे सूचित होणारा अर्थ होय, असा सिद्धांत मांडला. 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' हे या चर्चेतले नेहमीचे उदाहरण. वस्ती पाण्यावर असू शकत नाही, तेव्हा ती काठावर आहे हे आपण समजून घेतो. पण मग सरळ 'काठावर' असे का म्हटले नाही? कारण 'गंगेवर' म्हटल्याने त्या वस्तीचा गारवा आणि पावित्र्यही सूचित होते. घंटा वाजवल्यावर मूळ आवाज थांबतो, पण नाद घुमत राहतो. सूचित अर्थाच्या एका प्रकाराला शास्त्रकारांनी याच अनुरणनाची उपमा दिली. खुल्या शेवटाचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. नाद घुमण्यासाठी घंटा आधी नीट वाजलेली असावी लागते, एवढे मात्र विसरून चालणार नाही. तो नाद ऐकणाऱ्या रसिकाला शास्त्रकारांनी 'सहृदय' हे सुंदर नाव दिले आणि त्याला काव्यव्यवहारातला भागीदार मानले.

आधुनिक काळात रवींद्रनाथ टागोर यांनी 'सोनार तरी' (१८९४) या संग्रहातील एका कवितेत लघुकथेचे लक्षण सांगताना, ती संपल्यावरही संपली नाही असे मनाला वाटत राहावे, अशा आशयाचे उद्गार काढले आहेत. तत्त्वोपदेश नको, फापटपसारा नको, हीही त्यांची अपेक्षा होती.

मराठी कथेची वाटचाल

मराठीत ह. ना. आपटे यांनी १८९० साली सुरू केलेल्या 'करमणूक' पत्रातून 'स्फुट गोष्टी' लिहिल्या, तेव्हा मनोरंजनासोबत बोध हाही हेतू होता. पुढे ना. सी. फडके यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून ललितलेखनाच्या तंत्राची पद्धतशीर चर्चा केली. आकर्षक प्रारंभ, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू आणि शेवट अशी कथेची घट्ट बांधणी हे त्या काळाचे वैशिष्ट्य ठरले. या तंत्राने मराठी कथेला घाट दिला, ही तिची मोठी मिळकत होय. पण पुढे पुढे घाटच उरला आणि जगणे निसटू लागले, अशी तक्रार होऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या नवकथेने ही चौकट सैल केली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर ही चार नावे त्या संदर्भात नेहमी एकत्र घेतली जातात. प्रत्यक्षात चौघांची प्रकृती भिन्न होती. गाडगीळांनी माणसाच्या मनात क्षणोक्षणी उमटणाऱ्या संवेदनांना कथेत स्थान दिले. त्यामुळे घटनेचे महत्त्व कमी झाले आणि घटनेला बांधलेला शेवटही मोकळा झाला. १९३३ ते १९८२ या काळात प्रसिद्ध होणाऱ्या 'सत्यकथा' मासिकाने, विशेषतः श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली, अशा कथेसाठी वाचकही घडवला.

माडगूळकर उत्तम रेखाटने करीत. त्यांच्या गद्यातही चित्रकाराची ती नजर आहे. 'माणदेशी माणसे' (१९४९) मधील 'धर्मा रामोशी' हे लेखन शब्दचित्र आणि कथा यांच्या सीमेवरचे. अंगावर धड वस्त्र नसलेल्या म्हाताऱ्या धर्माला धोतर दिले जाते. पुढे ते धोतर त्याच्या अंगावर दिसत नाही. दिसते ते त्याच्या तरुण मुलीच्या अंगावर, लुगड्यासारखे नेसलेले. दारिद्र्यावर भाष्य नाही, व्यवस्थेवर ताशेरे नाहीत, निवेदकाचे उमाळे नाहीत. धोतर एका जागेवरून दुसऱ्या जागी गेले, एवढेच. मात्र बापाची लाज मोठी की लेकीची, हा प्रश्न त्या घरात कसा सुटला असेल, याचे दृश्य वाचकाला स्वतःच उभे करावे लागते. एकदा ते उभे राहिले, की सहजी पुसले जात नाही.

जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) यांची कथा अगदी वेगळ्या प्रदेशातली. तेथे प्रतिमा तपशील म्हणून येत नाहीत. अवघी कथाच प्रतिमेच्या आधारे उभी राहते. 'पिंगळावेळ' (१९७७) या संग्रहातील 'स्वामी' ही कथा आठवावी. परक्या गावात अडकलेला एक माणूस मठात मुक्कामाला नेला जातो आणि तेथे 'स्वामी' म्हणून कायमचा कोंडला जातो. सोयींची वाण नाही, बाहेर पडण्याची वाट तेवढी नाही. या कोंदट जागेतून वर, उजेडाकडे चढत जाणारी एक वेल या कथेत आहे. वाचकाच्या मनात अखेर उरते ती ही वेल. ती मुक्तीची खूण मानायची, की माणूस हरतो पण जीवनेच्छा हरत नाही असे समजायचे, की हा सारा एका कोंडलेल्या मनाचा स्वतःला दिलेला दिलासा आहे, यावर दोन रसिक वाचकांचे एकमत होईलच असे नाही. पण दोघांच्याही डोळ्यांपुढे वेल एकच असते. अर्थाबाबत मतभेद आणि दृश्याबाबत एकवाक्यता, ही यशस्वी खुल्या शेवटाची खूण म्हणता येईल.

न उच्चारलेला शब्द

प्रतिमा कथेचा भार कसा वाहते याचे आणखी एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अर्नेस्ट हेमिंग्वे यांची 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' ही १९२७ सालची कथा. स्पेनमधील एब्रो नदीच्या खोऱ्यातले रेल्वे स्थानक. बार्सिलोनाहून येणाऱ्या गाडीला चाळीस मिनिटे अवकाश आहे. एक पुरुष आणि एक तरुणी मद्य घेत बोलत बसले आहेत. तो तिला एका साध्याशा शस्त्रक्रियेविषयी सांगतो आहे. ती कसली, हे कथेत कुठेही म्हटलेले नाही. ती गर्भपाताची आहे, हे वाचकाला संवादातून उमगते. तरुणीला दूरच्या टेकड्या पांढऱ्या हत्तींसारख्या दिसतात. नको असलेला बोजा या अर्थाने 'पांढरा हत्ती' हा शब्द मराठीतही रुळलेला असल्याने आपल्याला या प्रतिमेची एक बाजू लगेच कळते. पण तरुणीला त्या टेकड्या सुंदर वाटतात, ही दुसरी बाजू. स्थानकाच्या एका अंगाला उजाड, बिनझाडांची जमीन आहे. दुसऱ्या अंगाला नदी, पिके आणि झाडे. तिने काय ठरवले, हे अखेरपर्यंत कळत नाही. आपल्याला काही झालेले नाही, आपण ठीक आहोत, असे ती हसून सांगते आणि कथा संपते. ते वाक्य खरे मानायचे की नाही, हे ठरवताना प्रत्येक वाचक आपल्या आयुष्यात ऐकलेली तसली सारी वाक्ये तोलून पाहतो.

आपल्याच उपखंडातील सआदत हसन मंटो (१९१२-१९५५) यांच्या 'टोबा टेक सिंग' मध्ये तर घटना पुरती संपलेली आहे. फाळणीनंतर दोन्ही देशांनी वेड्यांच्या इस्पितळातील रुग्णांची अदलाबदल करायचे ठरवले. आपले गाव नेमके कोणत्या देशात गेले, या प्रश्नाने हैराण झालेला बिशन सिंग सीमेवर उभा राहतो आणि कोसळतो. एका बाजूच्या तारांमागे हिंदुस्थान, दुसऱ्या बाजूच्या तारांमागे पाकिस्तान आणि मध्ये कुठलेच नाव नसलेल्या जमिनीच्या तुकड्यावर तो पडलेला. पात्राचा अंत झाला, तरी शहाणे कोण आणि वेडे कोण, हा प्रश्न उघडाच राहिला. शेवट खुला आहे की नाही, हे घटनेवरून ठरत नाही, ते या कथेवरून लक्षात येते.

खुला शेवट की अर्धवट कथा?

अर्थात प्रत्येक अनिर्णित शेवट कलात्मक असतो, असे म्हणणे धाडसाचे होईल. काय लिहावे हे न सुचल्यामुळे तीन टिंबे देऊन सोडून दिलेल्या कथांची आपल्याकडे वाण नाही. फरक ओळखायचा कसा? याचे उत्तर हेमिंग्वे यांनीच १९३२ साली 'डेथ इन द आफ्टरनून' या पुस्तकात देऊन ठेवले आहे. हिमनगाचा एक अष्टमांश भागच पाण्यावर दिसतो, हे त्यांचे प्रतिपादन बहुश्रुत आहे. त्याला जोडून त्यांनी दिलेला इशारा मात्र कमी उद्धृत होतो. ठाऊक असलेली गोष्ट लेखकाने गाळली तर तिचे अस्तित्व वाचकाला जाणवते. ठाऊक नाही म्हणून गाळली तर तेथे नुसती पोकळी राहते, असा त्याचा आशय आहे.

वाचकाच्या स्वातंत्र्यालाही मर्यादा आहे. इटालियन विचारवंत उम्बेर्तो एको यांनी १९६२ साली 'खुली कलाकृती' ही संकल्पना मांडून वाचकाच्या सहभागाला प्रतिष्ठा दिली. पण त्यांनीच १९९० मध्ये अर्थ लावण्याच्या मर्यादांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. कथेतील प्रतिमांचा आधार नसलेला अर्थ तिच्यावर लादणे म्हणजे रसग्रहण नव्हे.

शिवाय शेवट खुला ठेवणे हे नेहमीच श्रेष्ठ, असेही नाही. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेत जात लपवून राहिलेल्या नायकाचे बिंग फुटते आणि त्याला बेदम मारहाण होते. अखेरीस आपल्याला मारणारे हात या माणसांचे नसून मनूचे होते, अशा अर्थाचे तो बोलतो. येथे कथा प्रश्न सूचित करून थांबत नाही, ती नाव घेते. शतकानुशतके जे उच्चारूच दिले गेले नाही, ते उच्चारणे हीच तिची कलात्मक गरज आहे. अशा ठिकाणी संदिग्धता म्हणजे कच खाणे ठरले असते. शेवट खुला असावा की बंद, हे फॅशनवर ठरत नाही; कथेचा प्रश्न काय आहे, त्यावर ठरते.

वाचताना एवढे करून पाहावे

१. 'पुढे काय झाले' याऐवजी 'कथा नेमकी येथेच का थांबली' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कथेबाहेर शोधावे लागते, दुसऱ्याचे कथेतच असते.

२. कथा संपल्यावर लगेच अभिप्राय बनवण्याची घाई करू नये. पुस्तक मिटून डोळ्यांपुढे कोणते दृश्य उरले, ते पाहावे. बहुधा कथेची किल्ली तेथेच असते.

३. एखादी वस्तू, रंग, आवाज किंवा जागा पुन्हा पुन्हा येत असेल तर तिच्यावर लक्ष ठेवावे. पहिल्यांदा आली तेव्हा ती कोणाच्या हाती होती आणि शेवटी कोणाच्या, हे ताडून पाहावे.

४. प्रत्येक वस्तूला प्रतीक ठरवण्याचा मोह टाळावा. कलिंगड आधी कलिंगड असते. ते खाण्यासारखे, हाताला चिकटणारे वाटले, तरच पुढचा अर्थ जिवंत होतो.

५. शेवटचा परिच्छेद वाचून झाल्यावर पहिला परिच्छेद पुन्हा वाचावा. चांगल्या कथेत तो आता निराळा वाटतो.

६. शक्य असल्यास कथा दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्यावी आणि मग बोलावे. दोन अर्थ निघाले तर वाद मिटवण्याची गरज नाही. दोघांनीही कथेतील जागा दाखवाव्यात, म्हणजे झाले.

निकालाची घाई

वृत्तपत्राचा वाचक बातमीला सरावलेला असतो. बातमीत कोण, काय, कुठे, केव्हा हे पहिल्याच परिच्छेदात यावे लागते आणि ते योग्यही आहे. आगीची बातमी संदिग्ध ठेवून चालत नाही. कथेचा व्यवहार नेमका याच्या उलट असतो. ती घाईने निष्कर्ष देत नाही, कारण तिला घडलेल्या गोष्टीची नोंद करायची नसते. घडलेल्या गोष्टीपाशी वाचकाला थांबवायचे असते. शाळेपासून आपल्याला गोष्टीखाली तात्पर्य लिहिण्याची आणि पात्राचे गुणदोष दोन रकान्यांत मांडण्याची सवय लागते. गुण मिळवण्यासाठी ती उपयोगी असेल; पण तीच सवय माणसांकडे पाहतानाही लागली, तर शेजारी, सहकारी, घरातली माणसे यांचे तात्पर्य काढून आपण मोकळे होतो.

गुरोव्ह वाईट माणूस आहे की चांगला? स्थानकावरच्या त्या तरुणीने काय करावे? धर्माने आपले धोतर लेकीला दिले तेव्हा त्याच्या मनात काय होते? या प्रश्नांना चेखव, हेमिंग्वे, माडगूळकर यांच्याकडे उत्तर नव्हते असे नाही. त्यांना आपल्या माणसांवर निकाल देऊन प्रकरण बंद करायचे नव्हते. वाचकानेही काही काळ निकाल राखून ठेवावा, एवढीच अशा कथांची मागणी असते. ती पुरी करण्यासाठी वाङ्मयाच्या पदवीची गरज नाही. गरज आहे ती काच, फोड, धोतर, वेल नीट पाहण्याची आणि दिसले ते थोडा वेळ मनात राहू देण्याची.